प्रवेश आणि पंक्ति

महाविद्यालयांत प्रवेश मिळाला कीं समान संधि मिळाली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वाशीम जिल्ह्यांतील मानोरा येथील शेतमजुराच्या मुलास अमरावतीस शिकावयाचें झाल्यास पुस्तकाआधीं पोटाचा व निवाऱ्याचा प्रश्न पडतो. राजर्षि शाहूंनीं हें जाणून १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभारलीं. पुढें १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यांत सर्व जातींचीं मुलें एकाच छपराखालीं ठेवून एका पंक्तीस बसविलीं. आज शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस स्वाधार योजनेचें साहाय्य आहे. त्यानें भाड्याची सोय होते. परंतु अनोळखी शहरांतील परकेपणा जात नाहीं. श्रोतेहो, तो घालवावयाचा तर विद्यापीठानें साताऱ्याची ती पंक्ति आपल्या अंगणांत मांडली पाहिजे.