कुंपणावर कोणती वेल चढवाल?

मंडळी, मृगाचा पाऊस झाला की घरोघरी कुंपणाकडे लक्ष जातं. उघड्या तारेवर काहीतरी हिरवं चढावं, चार फुलं दिसावीत, असं वाटतं. मग शेजारून एखादी फांदी मागून आणायची आणि खोचून द्यायची. ती वेल मूळची कुठली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

गुलाबी झुपक्यांची एक वेल आपण पाहिली असेल. शहरात तिला आइस्क्रीमची वेल म्हणतात. ती मूळची मेक्सिकोची. देखणी आहे, पाणी फार मागत नाही, मधमाश्याही तिच्यावर येतात. पण तिला जमिनीखाली गाठी धरतात. वरून कितीही छाटा, गाठीतून ती पुन्हा फुटते. बी पाण्यावर तरंगत जातं. म्हणजे आपल्या परसातून ओढ्यात, आणि ओढ्यातून दुसऱ्याच्या बांधावर! झाडावर पसरली की खालच्या पानांना ऊन मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, परदेशी तेवढं वाईट, असंच ना? तसं नाही. आपली तोंडली बघा. मांडवावर किती गुणानं राहते! हीच तोंडली हवाई बेटांवर गेली आणि तिथली झाडं, कुंपणं, विजेचे खांब झाकू लागली. इकडे तिला खाणारे किडे आहेत, तिकडे नव्हते. अखेर १९९६ साली तिचं खोड पोखरणारा पतंग आफ्रिकेतून नेऊन तिथे मुद्दाम सोडावा लागला. वेल तीच, गाव बदललं.

मग लावावं काय? गुळवेल सर्वांत सोपी. बोटाएवढ्या जाडीचा, दोन-तीन डोळ्यांचा तुकडा पावसाळ्यात लावा. जुन्या कडुनिंबावर खुशाल चढू द्या. कोवळ्या झाडाला मात्र तिचा भार सोसत नाही. वासाची हौस असेल तर जुई लावा, नाहीतर रानातली कुसर. कुसर ऐन उन्हाळ्यात पांढरीशुभ्र फुलते. भाजीला तोंडली आहेच.

गुरुजी, आपल्या शाळेसाठी सापसंद सुचवतो. लाल अंगाचं, काळ्या पंखांचं एक फुलपाखरू तिच्याच जातीच्या वेलींवर अंडी घालतं. अळी पानातलं विष अंगात साठवते, म्हणून पाखरं तिला टाळतात. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असा सारा संसार मुलांना तारीखवार वहीत लिहिता येईल. मात्र हीच सापसंद औषध म्हणून पोटात घेऊ नये, मूत्रपिंडाला घातक असते. कळलावीही आपलीच, फूल तर ज्योतीसारखं; पण तिचा कंद जहरी. लहान मुलं जिथे खेळतात तिथे ती नको.

आणि आइस्क्रीमची वेल आधीच लावलेली असेल तर? बी धरण्यापूर्वी काढा. जमीन ओली असताना कुदळीनं खोल खणून एकूण एक गाठ वेचा. पुढे दोन-तीन पावसाळे तिथे कोंब दिसतो का, पाहत राहा. गाठी उकिरड्यावर टाकू नका, त्या शेणखताबरोबर शेतात जातील. उन्हात कडक वाळवून चुलीत घाला.