पीएफ काढला, पेन्शन राहिलं

घरातला कमावता माणूस अचानक गेला की दिवसकार्य उरकल्यावर कुणाला तरी पीएफची आठवण होते. कंपनीत हेलपाटे होतात, फंडाचे पैसे बँकेत येतात आणि काम संपलं असं घरचे समजतात. त्याच खात्याला जोडून मुलांच्या हक्काचं पेन्शन असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

मालक पीएफपोटी जो वाटा भरतो, त्यातून पगाराचे 8.33 टक्के ‘कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995’मध्ये जातात. त्यासाठी पगार 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो. म्हणजे हे पेन्शन कुणी दिलेलं दान नाही, ते गेलेल्या माणसाच्या कष्टाचं आहे.

‘दहा वर्षं नोकरी झाली नाही, मग कसलं पेन्शन?’ या समजापायी अनेक घरं मागे फिरतात. ही अट निवृत्तीच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. पीएफ कापला जात असेल तर कंत्राटी कामगाराच्या घरालाही हाच नियम.

विधवेला जेवढं पेन्शन, त्याच्या 25 टक्के प्रत्येक मुलाला, वयाच्या पंचविशीपर्यंत, एका वेळी दोघांना. समजा, आईला 2,400 रुपये बसले. तर दोन मुलांचे 600-600 धरून घरात 3,600 येतात. तिसरं मूल असेल तर थोरल्याची पंचविशी झाल्यावर त्याची पाळी. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही.

दोन्ही पालक नसतील तर हाच दर 75 टक्के होतो. आईने पुनर्विवाह केला तर तिचं पेन्शन थांबतं, पण मुलांचं थांबत नाही. उलट त्यांना अनाथ मुलांच्या दराने मिळू लागतं. मुलांचा आधार जाईल या धास्तीने दुसऱ्या लग्नाला नकार देणाऱ्या तरुण विधवेपर्यंत ही गोष्ट पोचायलाच हवी.

रकमा मात्र तुटपुंज्या आहेत. 2014 साली ठरलेलं किमान पेन्शन मुलाला महिना 250 रुपये आणि अनाथ मुलाला 750 रुपये. एवढ्यात शाळेच्या वह्याही भागत नाहीत. ही किमान रक्कम वाढवायलाच हवी.

पीएफसाठी फॉर्म 20, पीएफला जोडलेल्या विम्यासाठी 5 आयएफ आणि पेन्शनसाठी 10 डी लागतो. पीएफ मिळाला आणि 10 डी राहिला असेल, तर आजच पीएफ कार्यालयात चौकशी करा. नोकरीत असाल तर ई-नॉमिनेशनमध्ये मुलांची नावं आणि जन्मतारखा आहेत का, तेही तपासून घ्या.