कुर्ल्याच्या डॉजचा मूळ साज

आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या अंगी एक सवय मुरलेली असते. मूल समोर आले की औषधाचे नाव मनात येण्यापूर्वीच त्याचे वजन, उंची व डोक्याचा घेर मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. एकदा उपचार सुरू झाले की मूळ स्थिती पुन्हा पाहायला मिळत नाही. ती फक्त नोंदीतच उरते. ही व्यावसायिक सवय एका छंदात माझ्या कशी उपयोगी पडली, हे स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधू-भगिनींपुढे व समाजबांधवांपुढे मांडावेसे वाटते.

माझ्याकडे १९५४ सालची डॉज किंग्जवे मोटार आहे. २००३ मध्ये, सुरतेत दवाखाना सुरू करून फार वर्षे झाली नव्हती तेव्हा, येथील एका जुन्या कुटुंबाकडून मी ती घेतली. तिच्या नोंदणीपुस्तकावर ‘मुंबई राज्य’ असे आहे. १ मे १९६० पर्यंत सुरत त्याच राज्यात होती, हे आपल्या नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. अमेरिकन नावाच्या या गाडीच्या बॉनेटखालची पाटी मात्र मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची आहे.

या पाटीमागे मोठा इतिहास आहे. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात यासाठी विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात योजना आखली आणि सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी ती ध्यासाने उचलून धरली. परकीय सरकारचा विरोध आणि महायुद्ध या दोन्ही अडचणींतून वाट काढत १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ मध्ये सरकारने असे धोरण ठरवले की, ज्यांना टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनीच या धंद्यात राहावे. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी मुंबईतील आपले जोडणी-कारखाने बंद केले, कुर्ला टिकले. वालचंदांचे मात्र त्याच वर्षी निधन झाले.

माझी गाडी अमेरिकन मापाने लहानच. क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांचे मत असे की, गाडी बाहेरून आटोपशीर पण आतून ऐसपैस असावी; डोक्यावरची हॅट न काढता माणसाला आत बसता यावे. त्यानुसार १९५३ च्या प्लिमथचा चाकांमधील अंतराचा पाया ११४ इंचांवर आणला गेला. अमेरिकन गिऱ्हाइकाला लांबलचक गाड्यांचा सोस होता, त्यामुळे १९५४ मध्ये कंपनीची विक्री घसरली. आपल्याकडील अरुंद रस्त्यांना आणि भरल्या कुटुंबांना मात्र ही ठेंगणी, उंच छपराची गाडी चांगलीच मानवली.

निर्यातीसाठी क्रायस्लरने एक युक्ती योजली होती. प्लिमथचाच सांगाडा घ्यायचा, पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या आणि मोनोग्राम बदलायचे, की तीच गाडी डॉज किंग्जवे किंवा डी सोटो डिप्लोमॅट होई. तिघी सख्ख्या बहिणी, फरक केवळ अंगावरच्या साजाचा. इंग्रजीत ज्याला ‘ट्रिम’ म्हणतात त्याला मी साज म्हणतो. आसनांचे कापड, दारांच्या आतील गाद्या, छताचे अस्तर, पट्ट्या, मोनोग्राम, घुंड्या आणि रंग हे सारे त्यात आले. इंजिन बंद पडले तर दुरुस्त होते. साज गेला तर गाडीची ओळखच जाते.

मग मूळ साज ठरवायचा कसा? सुरुवातीला मी अमेरिकन माहितीपुस्तिका मिळवल्या. त्यांतील चित्रे देखणी होती, पण माझ्या गाडीशी जुळत नव्हती. चित्रातील सुकाणू डावीकडे, माझे उजवीकडे. साहजिकच सारा डॅशबोर्ड आरशात पाहिल्यासारखा उलटा. मागचे आसन उघडले तेव्हा वरच्या रेक्झिनखाली दुसरे रेक्झिन, त्याखाली राखाडी-निळ्या पट्ट्यांचे कापड, मग गोणपाट आणि स्प्रिंगांवर चक्क काथ्या निघाला. पहिल्या मालकांच्या चिरंजीवांनी सांगितले होते की १९७१ पर्यंत त्या आसनाला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे पुस्तिकेत कुठेही नसलेला हा काथ्या बहुधा कुर्ल्यातच भरला गेला असावा. पुस्तिकेच्या दृष्टीने ते न्यून होते. माझ्या दृष्टीने तोच या गाडीचा जन्मदाखला होता.

येथे मला आपल्या शास्त्राची आठवण झाली. आपण कित्येक वर्षे आपल्या मुलांची वाढ हार्वर्डच्या तक्त्यांवर मोजत आलो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये कुपोषणाचे जे वर्गीकरण केले, त्याचा आधारही तोच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतील निरोगी मुले मोजून नवे तक्ते दिले. त्यांत दिल्लीतील मुले होती. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी संघटनेचे सुधारित तक्ते २०१५ मध्ये आले. दुसऱ्याच्या मापाने मोजले की आपले मूल उगीचच खुजे ठरण्याचा धोका असतो. कुर्ल्याच्या डॉजलाही डेट्रॉइटच्या मापाने मोजू नये, हे मी मनाशी ठरवले.

त्यानंतर रीतसर केसपेपर सुरू झाला. प्रत्येक भागाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात फोटो काढला. कापडाचा तुकडा असो वा एखादा स्क्रू, प्रत्येकाला क्रमांक देऊन, जागा व तारीख लिहून, वेगळ्या पाकिटात ठेवले. वहीत तीन रकाने आखले: ‘पाहिले’, ‘सांगितले’ आणि ‘अंदाज’. चिरंजीवांची आठवण दुसऱ्या रकान्यात गेली, काथ्या पहिल्यात आणि तो कुर्ल्यात भरला गेला हा निष्कर्ष तिसऱ्यात. पुराव्याची प्रतवारी आपण संशोधनात करतो तशीच ही. छंदात माणूस हळवा होतो व अंदाजाला पाहिल्याचे रूप देऊ लागतो. रकाने त्याला जाग्यावर ठेवतात.

रंगाचा शोध घेताना दाराच्या बिजागरीजवळ रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिशपेपरने हलकेच घासली. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे थर दिसू लागले: वर पांढरा, मग काळा, मग फिकट हिरवा आणि तळाशी प्रायमर. मूळ गाडी हिरवी होती. येथे डॉक्टर म्हणून एक इशारा दिला पाहिजे. त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी. कोरडे घासल्यास त्याची धूळ घरात पसरते व रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भपातळी २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे. म्हणून घासायचे ते ओले करूनच, तोंडावर मास्क बांधून आणि मुलांना दूर ठेवून.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस गच्चीवर काढले आहेत. अडाजणला आमच्या तळमजल्यात गाडी खिडकीच्या काचेपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दार उघडले तो आत गुडघाभर गाळ. चार दिवसांत कापडावर बुरशी चढली, दारांच्या गाद्यांचे पुठ्ठे लगद्यासारखे गळून पडले, छताचे अस्तर लोंबू लागले. त्या आठवड्यांत दवाखान्यात ताप-जुलाबाच्या मुलांची रीघ होती. गाडीकडे पाहायला सवड नव्हती आणि तसे पाहणे शोभलेही नसते. महिन्याभराने पाहिले तेव्हा वाचवण्याजोगा साज फारसा उरला नव्हता. मात्र वरच्या मजल्यावरच्या कपाटात वही, फोटोंच्या निगेटिव्ह आणि पाकिटे सुखरूप होती.

नवे कापड विणताना सुरतेचे सुरतपण उपयोगी पडले. एका ओळखीच्या कापड-व्यापाऱ्याने पाकिटातला तळहाताएवढा तुकडा भिंगाखाली धरून ताण्या-बाण्याचे धागे मोजले, सूत ओळखले आणि हसून म्हटले, “डॉक्टरसाहेब, हजारो मीटर विणणाऱ्या गावात तुम्ही बारा मीटर मागता!” अखेर नमुन्याच्या मागावर ते बारा मीटर विणले गेले. कारागिराने आसनात फोम भरण्याचा आग्रह धरला. आम्ही काथ्याच भरला. नव्या कापडाच्या आतील कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, विणल्याचे साल शिवून घेतले. उद्या कोणी ते मूळ समजू नये, एवढाच हेतू.

एक कोडे तसेच ठेवले आहे. डॉजचे चिन्ह मेंढा. माझ्या गाडीच्या बॉनेटवर तो आहे. पण सुकाणूच्या मध्यावर मेफ्लॉवर जहाज आहे, ते प्लिमथचे. गॅरेजमध्ये कधी बहिणीचा दागिना हिच्या अंगावर चढला, की कारखान्यातच हाती आला तो भाग बसवला गेला? जाणकार मित्र ते जहाज बदलायला सांगतात. मी बदलले नाही. चुकीचा ठरला तरी तो या गाडीच्या आयुष्याचा पुरावा आहे आणि पुरावा एकदा काढून टाकला की परत मिळत नाही. जागतिक वाहनसंघटना ‘फिवा’ हिच्या २०१३ पासून लागू झालेल्या तुरीन सनदेचाही भर नवेपणा आणण्यापेक्षा जतनावर व नोंदीवर आहे.

अशा नोंदीला आता कायद्याचीही जोड मिळाली आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व मोठे फेरफार न झालेली खासगी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल वा इंधन भरण्यासाठी रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. मूळ स्वरूप कोणते, हे सांगायला वर्षानुवर्षांची वही हाताशी असली तर बोलणे सोपे जाते.

मूळपणाच्या या आग्रहाला मी एकच मर्यादा घातली आहे. गाडीला पट्टे नाहीत. तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला, म्हणजे या गाडीनंतर पाच वर्षांनी. डॅशबोर्ड पोलादी आहे. अचानक ब्रेक लागला तर मुलाचे कपाळ थेट त्यावर आपटेल. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन सक्तीचे केले आहे. पट्ट्यांसाठी सांगाड्याला भोके पाडायची नाहीत आणि चालत्या गाडीत मूल बसवायचे नाही, अशी दोन्ही पथ्ये मी एकत्र पाळतो. मुले येतात, उभ्या गाडीत बसतात, जहाजावर हात ठेवून जगभर फिरून येतात. तेवढे पुरते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांची स्कूटर, आजीचे शिवणयंत्र, एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांचा पितळी तराजू किंवा सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्यांना नवा रंग देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे: चारही बाजूंनी फोटो काढावेत, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहिले, सांगितले आणि अंदाज असे तीन रकाने भरावेत, आणि एक कोपरा आहे तसाच, न घासता ठेवावा. वस्तू पुराने जातील, वाळवीने जातील, वाटणीतही जातील. त्या कशा होत्या हे पुढच्यांना नेमके सांगता यावे, इतके आपल्या हाती नक्कीच आहे.