आखूड चेंबरच्या जुन्या ब्रिटिश शॉटगन आणि त्यांची काडतुसे

आखूड चेंबरच्या ब्रिटिश शॉटगन म्हणजे अडीच इंच किंवा त्याहून कमी लांबीच्या काडतुसासाठी चेंबर असलेल्या जुन्या छऱ्यांच्या बंदुका होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडन व बर्मिंगहॅम येथे घडवलेल्या बहुसंख्य १२ बोअर दुनळी बंदुका या प्रकारात मोडतात. आज सर्वत्र मिळणारे काडतूस प्रायः पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचे असते. ते जुन्या बंदुकीत सहज बसते. परंतु बसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.

चेंबर आणि काडतुसाची लांबी

नळीच्या मागील टोकाचा, काडतूस सामावणारा किंचित रुंद भाग म्हणजे चेंबर. त्याच्या पुढे नळी शंकूसारखी निमुळती होत मूळ व्यासाला मिळते. अडीच इंच म्हणजे काटेकोरपणे ६३.५ मिलिमीटर, व्यवहारात या चेंबरला ६५ मिलिमीटरचे म्हणतात. काही हलक्या बंदुकांचे चेंबर केवळ दोन इंची असते व त्यांना ६५ मिलिमीटरचे काडतूसही चालत नाही.

काडतुसाची नोंदवलेली लांबी ही झाडल्यानंतर उलगडलेल्या टरफलाची असते. न झाडलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने ७० मिलिमीटरचे काडतूस प्रत्यक्षात सुमारे ६० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते. त्यामुळे ते आखूड चेंबरमध्ये विनासायास जाते आणि बंदूकही नीट मिटते. बार उडताच मात्र दुमडलेले तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते. तेथे आधीच अरुंद असलेली वाट आणखी आकसते, छरे व डट्टा अडतात आणि नळीतील दाब वाढतो. हा दाब नेमका किती वाढेल, हे काडतुसातील दारू, छऱ्यांचे वजन व टरफलाची जाडी यांवर अवलंबून असते.

दाबाचा प्रश्न

लांबी जुळली तरी दाब जुळतोच असे नाही. आंतरराष्ट्रीय स्थायी आयोगाच्या (सी.आय.पी.) मानकांनुसार १२ बोअरच्या सामान्य काडतुसाचा कमाल दाब ७४० बार, तर उच्च क्षमतेच्या काडतुसाचा १०५० बार धरला जातो. ब्रिटनच्या १९५४ च्या नियमांनुसार अडीच इंची चेंबरच्या १२ बोअर बंदुकीवर सामान्यतः ३ टन, तर पावणेतीन इंची चेंबरच्या बंदुकीवर सव्वातीन टन प्रति चौरस इंच असा दाब कोरला जाई. हे जुने आकडे तांब्याचा तुकडा किती चेपला जातो यावरून काढलेले आहेत, तर आधुनिक मापन विद्युत संवेदकाने होते. म्हणून टनांचे बारमध्ये केवळ गणिती रूपांतर करून तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

हलका धक्का म्हणजे कमी दाब, हा समजही चुकीचा आहे. धक्का मुख्यतः छऱ्यांचे वजन व वेग यांवर ठरतो. दाब दारूच्या जळण्याच्या वेगावर. शीघ्र जळणाऱ्या दारूचे हलके काडतूसही मोठा दाब निर्माण करू शकते.

चाचणीचे शिक्के

ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी बंदुकीची नळी अधिकृत चाचणीगृहात जादा दाबाने तपासली जाते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळीच्या बुडाशी खालच्या बाजूस असलेले शिक्के ही बंदुकीची जन्मपत्रिकाच होय. त्यांवरून बंदूक फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की धूररहित (नायट्रो) दारूसाठीही, हे कळते. काळ्या दारूपुरती तपासलेली बंदूक आधुनिक काडतुसांसाठी वापरू नये, मग चेंबर कितीही लांब असो. १९२५ च्या नियमांपासून चेंबरची लांबी कोरण्यात येऊ लागली. त्याआधीच्या बंदुकीत ती मोजमापकाने प्रत्यक्ष मोजावी लागते.

शिक्का असला तरी बंदूक आज त्या अवस्थेत असेलच असे नाही. गंज काढताना नळी आतून घासली जाते व तिची भिंत पातळ होते. कोणी नंतर चेंबर वाढवून घेतलेले असल्यास नव्याने चाचणी आवश्यक ठरते. नळी कमकुवत झाल्याने चाचणीबाह्य ठरलेली बंदूक विकणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

काडतुसाची निवड

निवडीची सुरुवात काडतुसापासून नव्हे, बंदुकीपासून होते. चेंबरची लांबी, नळीचा अंतर्व्यास, भिंतीची जाडी व शिक्के या चार गोष्टी जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्याव्या लागतात. त्यानंतर खोक्यावरील मजकूर निर्णायक ठरतो. ‘६५ मिलिमीटर किंवा अधिक लांब चेंबरसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले काडतूसच घ्यावे. काही ब्रिटिश काडतुसांचे टरफल किंचित लांब असूनही ती ६५ मिलिमीटरच्या चेंबरसाठी कमी दाबाने भरलेली व तशी घोषित असतात. मात्र अशी घोषणा नसल्यास केवळ तर्काने ती वापरू नयेत. अडीच इंची १२ बोअर बंदुकीसाठी २८ ते ३० ग्रॅम छरे ही परंपरेने रूढ मात्रा आहे. याउलट, आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये वापरणे सामान्यतः सुरक्षित मानले जाते.

छऱ्यांचा धातूही महत्त्वाचा आहे. पाणपक्ष्यांना होणाऱ्या विषबाधेमुळे इंग्लंडमध्ये १९९९ पासून त्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर बंदी आहे. पोलादी छरे कठीण असतात. ते जुन्या पातळ नळीस व तोंडाकडील आवळ भागास इजा करू शकतात. बिस्मथचे छरे मऊ व शिशाच्या घनतेच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने जुन्या बंदुकांसाठी ते पर्याय ठरतात. तेथेही चेंबरची लांबी व दाब पाहावाच लागतो.

भारतातील संदर्भ

ब्रिटिश राजवटीत अशा अनेक बंदुका भारतात आल्या आणि संस्थानिक व जमीनदार घराण्यांत वारशाने राहिल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा उपयोग संपला, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्यावर त्या बाळगल्या जातात. आजोबांच्या काळापासून घरात असलेली बंदूक पूर्वी निर्धोक चालत असे, एवढ्यावरून ती आजच्या काडतुसासही सोसेल असे ठरत नाही.