डिप्रेशनबद्दल नेटवर वाचलेलं किती खरं? विश्वास ठेवण्याआधी हे ५ प्रश्न विचारा

रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाही. काही आठवड्यांपासून कशातच मन लागत नाही, भूक मेली आहे, कामात चुका होतायत. घरी सांगितलं तर 'जास्त विचार करू नकोस' एवढंच ऐकायला मिळतं. मग मोबाइल हातात येतो आणि 'डिप्रेशनची लक्षणं' असं सर्च होतं.

पुढच्या दहा मिनिटांत एका वेबसाइटवर नऊ प्रश्नांची टेस्ट दिसते. दुसरीवर 'डिप्रेशन मुळापासून बरं करा' असं सांगणारा कोर्स असतो. एका रीलमध्ये कुणीतरी ठासून सांगतं की, या गोळ्यांचं व्यसन लागतं.

असं काहीतरी वाचून किंवा पाहून सुरू असलेली गोळी परस्पर बंद करणारेही असतात. पण डिप्रेशनवरची बरीच औषधं अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. आजार उलटण्याचा धोकाही असतो. औषध थांबवायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू कमी करतात.

म्हणजे माहिती पारखून घेणं हा इथे थेट तब्येतीचा प्रश्न आहे. पण पारखायची कशी?

दिसायला चांगली वेबसाइट चांगली असतेच का?

बहुतेक जण आधी वरवरच्या गोष्टी बघतात. लेखकाचं नाव आहे का, पदवी लिहिली आहे का, तारीख आहे का, कुठला शिक्का आहे का.

ऑस्ट्रेलियातल्या कॅथलीन ग्रिफिथ्स आणि हेलन ख्रिस्टेन्सन या संशोधकांनी डिप्रेशनची माहिती देणाऱ्या २१ वेबसाइट तपासल्या. त्यांचा अभ्यास २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. वेबसाइटवरचा मजकूर उपचारांबद्दलच्या वैद्यकीय पुराव्यांशी किती जुळतो, हे त्यांनी बघितलं. एकूण दर्जा कमीच निघाला. शिवाय लेखकाचं नाव, संदर्भ, तारीख अशा प्रचलित निकषांवरून मजकूर बरोबर आहे की नाही, याचा भरवशाचा अंदाज येत नव्हता.

शिक्क्यांचंही तसंच. जिनिव्हातली 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था आरोग्यविषयक वेबसाइटना 'ऑनकोड' नावाचं प्रमाणपत्र द्यायची. ते २०२२ च्या अखेरीस बंद झालं. हा लोगो एखाद्या वेबसाइटवर आजही दिसला, तर त्यावरून आजच्या मजकुराबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मग बघायचं काय?

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'डिसर्न' नावाची प्रश्नावली तयार केली. उपचारांबद्दलची माहिती सामान्य माणसाला तपासता यावी, हा तिचा उद्देश. तिच्यात १६ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. ग्रिफिथ्स आणि ख्रिस्टेन्सन यांनी पुढे डिप्रेशनच्या वेबसाइटवर ती वापरून पाहिली. सामान्य वापरकर्त्यांनी दिलेले गुण आणि मजकुराचा दर्जा यांचा बऱ्यापैकी मेळ बसला.

मोबाइलवर वाचताना सोळाच्या सोळा प्रश्न कुणी विचारणार नाही. पण त्यातले हे पाच लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

१. एकापेक्षा जास्त उपचार सांगितलेत का?

डिप्रेशनवर औषधं आहेत, तशीच सीबीटीसारखी मानसोपचार पद्धतही आहे. व्यायामाचाही उपयोग होतो. त्रास किती तीव्र आहे, यावरून काय निवडायचं ते ठरतं. एकच उपाय सांगणाऱ्या पानाकडे, मग तो गोळी असो, ध्यान असो की चूर्ण, जरा सावधपणे बघा. तोच उपाय त्याच पानावर विकायला असेल तर जास्तच.

२. फायद्यांसोबत धोके सांगितलेत का?

औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, झोप बिघडू शकते, लैंगिक अडचणी येऊ शकतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर सुरुवातीच्या काळात जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. चांगलं पान हे लपवत नाही आणि त्यावरून घाबरवतही नाही. 'कुठलेही साइड इफेक्ट नाहीत' असा दावा दिसला की थांबा.

३. उपचार घेतले नाहीत तर काय होईल, हे आहे का?

सौम्य त्रास कधीकधी आपोआप कमी होतो. तीव्र डिप्रेशन मात्र अंगावर काढलं तर जिवावर बेतू शकतं. हा फरक समजावून सांगणारा मजकूर वाचणाऱ्याला निर्णय घ्यायला मदत करतो.

४. जे नक्की माहीत नाही, ते मान्य केलंय का?

'मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं' हे वाक्य वर्षानुवर्षं वेबसाइटवर फिरतंय. जुलै २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या आधीच्या संशोधनांचा आढावा घेतला. या कल्पनेला ठोस आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लगेच 'म्हणजे गोळ्या निरुपयोगी' अशा पोस्ट फिरू लागल्या. पण औषधांचा गुण येतो की नाही, हे त्या आढाव्यात तपासलेलंच नव्हतं. आजाराचं कारण हा एक प्रश्न आणि औषध लागू पडतं का, हा वेगळा. दोन्ही एकात मिसळणारी पोस्ट शेअर करण्याआधी दोनदा विचार करा.

५. माहिती कुठून आली आणि कधीची आहे?

'संशोधनातून सिद्ध झालंय' एवढं पुरेसं नाही. कुठलं संशोधन, कुणाचं, कधीचं, हे कळायला हवं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची प्रौढांच्या डिप्रेशनवरची मार्गदर्शक तत्त्वं २००९ ची होती, त्यांच्या जागी २०२२ मध्ये नवी आली. दहा वर्षांपूर्वीचं पान आजही सर्चमध्ये वर येऊ शकतं. ताजी तारीख असली म्हणजे मजकूर बरोबर असतो असं नाही, पण तारीखच नसेल तर तो जुना आहे का, हेही कळत नाही.

ऑनलाइन टेस्टचं काय?

नऊ प्रश्नांची जी टेस्ट अनेक ठिकाणी दिसते, ती बहुतेकदा 'पीएचक्यू-९' असते. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाबद्दल तिच्यात विचारतात आणि गुण ० ते २७ मध्ये येतात. डॉक्टरही ती वापरतात, पण प्राथमिक चाचणी म्हणून. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटावं. तेवढ्यावरून निदान होत नाही. थायरॉइडच्या त्रासातही थकवा आणि उदासपणा येतो, ते टेस्टला कळत नाही.

रील आणि व्हिडिओ

कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले. २०२२ मध्ये आलेल्या या अभ्यासात ५२ व्हिडिओ दिशाभूल करणारे निघाले. भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण रील आणि शॉर्ट्सचा साचा तोच आहे. लाइक किती आहेत, यावरून माहितीचा दर्जा कळत नाही. कुणाचा अनुभव ऐकून धीर येतो, हे खरं. पण त्याला लागू पडलेला डोस दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

सांगणारी व्यक्ती कोण?

सायकियाट्रिस्ट हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. 'कोच', 'हीलर' किंवा 'माइंड एक्स्पर्ट' या शब्दांवरून मात्र शिक्षण किती झालंय ते कळत नाही. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका.

आणि एक महत्त्वाचं. जगणं नकोसं वाटत असेल, तर वेबसाइट पारखत बसू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.