विमानाची हाक

12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन 349 माणसे मृत्युमुखी पडली. दिल्लीच्या नियंत्रकांना त्या काळी रडारच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसे. त्याची उंची मात्र वैमानिक तोंडाने सांगेल तीच खरी मानावी लागे. आज बहुतेक प्रवासी विमाने स्वतःच आपला ठावठिकाणा पुकारीत जातात. उपग्रहांच्या साह्याने ठरविलेले स्थान ती, कोणी विचारो वा न विचारो, सेकंदाला साधारणतः दोनदा 1090 मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर प्रक्षेपित करतात. या पद्धतीस ‘एडीएस-बी’ म्हणतात. हा पुकारा सांकेतिक कुलुपात बंद केलेला नसतो. म्हणूनच बेंगळूरुच्या जयनगरातील एखाद्या गच्चीवरूनही तो ऐकता येतो.

संदेश असतो तरी केवढा? अवघ्या 112 द्विमान अंकांचा. आरंभीच्या खुणेसह तो 120 मायक्रोसेकंदांत संपतो. त्यातील 24 अंक विमानाची ओळख सांगतात, अखेरचे 24 अंक संदेश शुद्ध पोहोचला की नाही हे पडताळण्यासाठी असतात. मधल्या जागेत संपूर्ण अक्षांश-रेखांश मावत नाहीत. यावर काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. पृथ्वीची विभागणी दोन वेगवेगळ्या जाळ्यांत करून विमान आपले स्थान आळीपाळीने एकेका जाळ्यातील म्हणून सांगते. एकट्या वारावरून वर्षातला दिवस ओळखता येत नाही. वाराच्या जोडीला तिथी मिळाली म्हणजे शक्यता फारच थोड्या उरतात. तसेच हे.

ग्राहीसाठी फार खर्च नाही. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनविलेली अंगठ्याएवढी यूएसबी पट्टी कच्चे रेडिओ-नमुनेही देऊ शकते, हे 2012 च्या सुमारास सर्वांना कळले आणि हौशी मंडळींना स्वस्त साधन सापडले. सेकंदाला 20 लाख नमुने घेणारी ही पट्टी, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ‘डम्प1090’ ही विनामूल्य आज्ञावली एवढ्यावर काम भागते. अँटेना घरीच करावी. तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश सुमारे 6.9 सेंटिमीटर, तेवढ्या लांबीची तांब्याची एक तार उभी आणि चार तारा खाली तिरप्या वाकविलेल्या. बेंगळूरुच्या एस. पी. रोडवरील दुकानांत असले सामान सहज मिळते. संच केवळ ऐकणारा असला तरी बिनतारी उपकरणांविषयीचे प्रचलित नियम आधी पाहून घ्यावेत, हे बरे.

नवशिका चुकतो तो केबलीत. अँटेना गच्चीवर आणि संगणक तळमजल्यावर ठेवला, तर टीव्हीच्या साध्या केबलीतून 15 मीटर उतरेपर्यंत संकेताची निम्मी शक्ती नाहीशी होते. त्यापेक्षा पट्टी व संगणक अँटेनेजवळ, पावसापासून जपून ठेवावेत. शहरात मोबाइलच्या मनोऱ्यांचा 900 मेगाहर्ट्झचा गोंगाटही ग्राहीला बधिर करतो; तेथे गाळणी बसविल्याचा पैसा वसूल होतो.

या लहरी सरळ रेषेत जातात. दहा हजार मीटरवरील विमान क्षितिज मोकळे असल्यास चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येते. तेच विमान देवनहळ्ळीकडे उतरू लागले की इमारतींआड जाऊन पडद्यावरून हरवते. म्हणजे जमिनीजवळच्या, सर्वांत नाजूक टप्प्यातच घरचा ग्राही दुबळा ठरतो. शिवाय संदेशावर सही-शिक्का नसतो. उपग्रहाच्या संकेतात कोणी गोंधळ माजविला, तर विमान प्रामाणिकपणे चुकीचे स्थान सांगते. नियंत्रक त्याची रडारशी पडताळणी करू शकतात. गच्चीवरच्या श्रोत्याला ती सोय नसते.

उंचीचा आकडाही समजून वाचावा लागतो. तो हवेच्या दाबावरून, समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाशी ताडून काढलेला असतो. केंपेगौडा विमानतळच सुमारे 915 मीटर उंचीवर आहे. त्यामुळे चाके धावपट्टीला टेकण्याच्या बेतात असतानाही पडद्यावर सुमारे तीन हजार फूट दिसतात.