मगावरचा डायनासोर किती खरा?

भेटवस्तूंच्या दुकानातील काचेच्या फळीवर प्राचीन प्राण्यांच्या चित्रांचे मग हमखास मांडलेले असतात. कुठे जबडा वासलेला टायरानोसॉरस, कुठे पाठीवर तकटांची रांग मिरविणारा स्टेगोसॉरस, तर कुठे उंच मान करून झाडाचा शेंडा खाणारा एखादा महाकाय शाकाहारी. मुलांच्या दुधापासून मोठ्यांच्या कॉफीपर्यंत साऱ्यांना हे प्राणी सोबत करतात. त्यांच्याकडे कोणी शास्त्रीय पुरावा म्हणून पाहत नाही. तथापि, सर्वसामान्य माणसाच्या मनातील डायनासोर हा संग्रहालयातील सांगाड्यापेक्षा अशाच चित्रांतून घडलेला असतो. म्हणूनच, हे चित्र कोठून येते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पक्षी हे डायनासोरांचेच वंशज होत. ते वगळले, तर अखेरचे डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. त्यांना जिवंत पाहिलेला माणूस असणे शक्यच नाही. त्यामुळे त्यांचे प्रत्येक चित्र हे हाडे, दात, पाऊलखुणा आणि आजच्या प्राण्यांशी केलेली तुलना यांवरून काढलेले अनुमान असते. नवा पुरावा मिळाला की अनुमान बदलते. छापलेले चित्र मात्र बदलत नाही.

विक्रीची जुनी परंपरा

प्राचीन प्राण्यांची चित्रे विकण्याची कल्पना आजची नव्हे. १८३० साली इंग्लंडमधील भूशास्त्रज्ञ हेन्री डी ला बीच यांनी डॉर्सेटच्या प्राचीन समुद्राचे एक जलरंगचित्र काढले. त्यात इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर आणि उडणारे टेरोसॉर एकमेकांवर तुटून पडलेले दिसतात. चित्राचा आधार होता तो प्रामुख्याने मेरी ॲनिंग या महिलेने लाइम रेजिस येथील कड्यांतून खणून काढलेल्या जीवाश्मांचा. त्या काळी विद्वानांच्या संस्थांची दारे तिला बंद होती आणि तिची आर्थिक स्थितीही बेताची होती. या चित्राच्या शिळाछाप प्रती काढून विकण्यात आल्या आणि ते पैसे तिला देण्यात आले. या व्यापाराच्या प्रारंभी चित्र आणि ज्याच्या श्रमातून ते साकारले तो संशोधक, यांच्यातील नाते असे थेट होते.

पुढे १८५४ मध्ये लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने प्राचीन प्राण्यांचे भव्य पुतळे उभारले. त्यांना सल्ला होता रिचर्ड ओवेन यांचा. १८४२ मध्ये 'डायनासोर' हा शब्द रूढ केला तो त्यांनीच. या पुतळ्यांच्या लहान प्रतिकृतीही विक्रीस ठेवण्यात आल्या. आजच्या मगांचे पूर्वज म्हणावेत ते यांनाच!

नाकावरचा अंगठा

त्या उद्यानातील इग्वानोडॉन हा चार पायांवर उभा असलेला, गेंड्यासारखा स्थूल प्राणी आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. हा प्राणी प्रथम ओळखणारे डॉक्टर गिडिऑन मँटेल यांनी १८२५ मध्ये त्याचे नामकरण केले, तेव्हा त्यांच्यापाशी मुख्यतः दातच होते. पुढे सापडलेल्या हाडांत एक टोकदार हाड होते. ते नाकावरचे असावे, असा त्यांचा तर्क होता. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्ट येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे जवळजवळ संपूर्ण स्वरूपात मिळाले. लुई डोलो यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा ते 'शिंग' म्हणजे वस्तुतः हाताच्या अंगठ्याचे अणकुचीदार हाड असल्याचे सिद्ध झाले. सिडनहॅमच्या पुतळ्याच्या नाकावर मात्र ते आजही आहे. ऐतिहासिक वारसा म्हणून तो पुतळा जपण्यात आला आहे, आणि ते योग्यच आहे. कारण १८५४ मध्ये काय माहीत होते, याची तो साक्ष देतो.

हाच प्रकार पुढेही घडत राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स नाइट यांच्यासारख्या थोर चित्रकारांच्या कुंचल्यातून उतरलेले डायनासोर जगभर पोहोचले. त्या काळच्या समजुतीनुसार टायरानोसॉरस शेपटी जमिनीवर टेकवून कांगारूसारखा ताठ उभा असे, तर अजस्र शाकाहारी प्राणी दलदलीत डुंबत. अमेरिकेत मोंटाना येथे १९६४ मध्ये सापडलेल्या डायनोनिकसचे वर्णन जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि चित्र पालटू लागले. हा चपळ, दोन पायांवर धावणारा शिकारी होता. त्याची शेपटी ताठ आणि जमिनीपासून वर उचललेली होती. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आपला ताठ उभा टायरानोसॉरस १९९०च्या दशकात आडव्या पाठीचा करून पुन्हा उभारला. तरीही शेपटी फरफटविणारा टायरानोसॉरस मगांवरून आणि मुलांच्या कपड्यांवरून अद्याप हद्दपार झालेला नाही.

पिसे आणि रंग

चीनच्या लिआओनिंग प्रांतात १९९६ मध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारख्या तंतूंचे ठसे आढळले. २०१० मध्ये या तंतूंतील रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांचा अभ्यास झाला आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढुरके पट्टे असल्याचा निष्कर्ष निघाला. डायनासोराचा रंग ही केवळ कल्पनेची बाब आहे, हे जुने विधान त्यामुळे काही प्राण्यांपुरते तरी मागे घ्यावे लागले.

१९९३च्या 'जुरासिक पार्क' चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेला व्हेलॉसिरॅप्टर तर पडद्यावर माणसाएवढा आणि खवल्यांच्या कातडीचा होता. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलॉसिरॅप्टर साधारण टर्की या पक्ष्याएवढा होता. त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या जागी उंचवटे असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे तो पिसांचा होता. मगावर मात्र चित्रपटातलाच बसला आहे.

छापणे स्वस्त, तपासणे महाग

असे का होते, याचे उत्तर मग छापण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. पूर्वी चिनी मातीच्या भांड्यावर चित्राचा पातळ पापुद्रा चिकटवून ते भट्टीत भाजावे लागे. त्यासाठी मोठ्या संख्येने भांडी काढणेच परवडत असे. आज 'सब्लिमेशन' पद्धत सर्वत्र पोहोचली आहे. मगावर पॉलिएस्टरचा लेप असतो. विशेष शाईने कागदावर छापलेले चित्र त्याभोवती गुंडाळून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटे दिली, की शाई द्रवरूप न होता थेट वायुरूप होऊन त्या लेपात शिरते आणि थंड झाल्यावर तेथेच पक्की बसते. एका छोट्या यंत्रावर एकच मगही काढता येतो.

या सोयीचा परिणाम असा, की खर्च उरतो तो चित्राचा. नव्याने चित्र काढायचे, तर चित्रकाराला हाडांची मोजमापे आणि स्नायूंची रचना यांचा अभ्यास करावा लागतो. त्यापेक्षा हाताशी असलेल्या चित्राची नक्कल सोपी. नकलेची नक्कल होताना चूकही वारशाने उतरते. अमेरिकी चित्रकार ग्रेगरी पॉल यांनी २०११ मध्ये आपल्या रेखाटनांची आणि त्यांतील ठेवणींची सर्रास होणारी उचल जाहीरपणे आक्षेपार्ह ठरविली, तेव्हा प्रश्न त्यांच्या उपजीविकेचाही होता. अभ्यासपूर्ण चित्राला मोबदला मिळत नसेल, तर तसे चित्र काढणाराच उरणार नाही. मेरी ॲनिंगच्या काळी चित्राच्या विक्रीतून अभ्यासाला हातभार लागला होता. येथे गणित नेमके उलटे होते.

सरकारी खात्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये डायनासोरांची चार तिकिटे काढली. त्यांत 'ब्राँटोसॉरस' हे नाव वापरल्याबद्दल टीका झाली, कारण १९०३ पासून तो प्राणी ॲपॅटोसॉरसमध्येच गणला जात होता. २०१५ मधील एका विस्तृत अभ्यासाने ब्राँटोसॉरस स्वतंत्र असल्याचे पुन्हा मांडले, त्यामुळे ती टीका काहीशी बोथट झाली. पण त्याच संचातील टेरॅनोडॉन हा उडणारा सरीसृप डायनासोर नव्हता, हा आक्षेप कायम आहे.

एका मगावर कोट्यवधी वर्षे

मग विकत घेताना काही गोष्टी सहज पारखता येतात. शेपटी जमिनीवर लोळते आहे का? लहान शिकारी प्राण्यांना पिसे आहेत का? उडणाऱ्या आणि समुद्रातल्या सरीसृपांना 'डायनासोर' म्हटले आहे का? पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डिमेट्रोडॉन तर डायनासोरांच्या कोट्यवधी वर्षे आधीचा असून, त्याचे नाते सरीसृपांपेक्षा सस्तन प्राण्यांशी अधिक जवळचे आहे.

काळाचा घोळ त्याहून मोठा असतो. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी होता आणि टायरानोसॉरस ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. दोघांची झुंज दाखविणारे चित्र पाहताना हे ध्यानी घ्यावे, की टायरानोसॉरस काळाच्या दृष्टीने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे! त्यांच्या शेजारी उभा केलेला केसाळ मॅमथ तर हिमयुगाचा. रँगल बेटावर तो सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे गिझाचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही तग धरून होता.

चंद्रपूरचे गवत

चित्रकारांना दिला जाणारा आणखी एक इशारा असे तो गवताचा. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, तेव्हा त्यांच्या पायाखाली ते काढू नये, असा हा दंडक होता. तो सैल झाला तो महाराष्ट्रातील पुराव्यामुळे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले. ते किमान पाच प्रकारच्या गवतांचे होते. ही विष्ठा टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची असावी, असे मानले जाते. विस्तीर्ण कुरणे तेव्हा नव्हती. पण गवताचे झुबके होते आणि ते खाल्लेही जात होते.

याच जिल्ह्यात डोंगरगाव येथे सापडलेल्या टायटनोसॉराचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये त्याला 'आयसिसॉरस' हे नाव मिळाले. त्यातील 'आयसि' म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरे होत. त्याच वर्षी गुजरातमधील राहिओलीच्या जीवाश्मांवरून 'राजासॉरस' या शिकारी डायनासोराचेही नामकरण झाले. आयसिसॉरसचे धड मिळाले, कवटी नाही. त्यामुळे त्याचे डोके नातलगांवरून कल्पूनच काढावे लागते. असे चित्र कोणी मगावर छापले, तर त्यातील मान व पाठ पुराव्याची आणि चेहरा तर्काचा असेल.

बाजारात एक गमतीचा मगही मिळतो. त्यात गरम चहा ओतला, की उष्णतेने रंग बदलणारी शाई पारदर्शक होते आणि धडधाकट डायनासोराचा सांगाडा उरतो. मुले ते पाहून हरखतात. शास्त्रज्ञांचा मार्ग याच्या नेमका उलट असतो. त्यांच्या हाती आधी सांगाडाच येतो, आणि तोही बहुधा अपुरा. त्यावर कातडी, पिसे आणि रंग चढवायला कधी कधी शे-दीडशे वर्षे लागतात. तेवढ्या श्रमांनंतर मिळालेले चित्र मगावर अचूक उतरावे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.